भिस्सीतले मामा

त्या काळी मी लोकांची घरं हुंगायचे. अगदी मांजरीसारखं नाही, पण फार लांबही नाही. बालकल्याण समितीसाठी गृहचौकशी करायची माझी नोकरी होती. एखादं मूल हरवलेलं सापडलं, पळून आलं, की समिती त्याला बालगृहात ठेवायची आणि मी त्याच्या घरी जाऊन बघायचं, मूल परत पाठवण्याजोगं घर आहे का. एवढा मोठा निवाडा, आणि माझं हत्यार काय, तर नाक! उंबरठ्यावर उभी राहून एक खोल श्वास घ्यायचे, मग फळीवरून बोट फिरवायचे, त्या बोटाकडे बघायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"ला भिवंडीतलं सगळं कामतघर टरकून असायचं. आज माझ्या सुनेने माझ्या ओट्यावरून असं बोट फिरवून दाखवावं! लाटणं घेऊन नाक्यापर्यंत पिटाळेन.

अंगावर कडक खळ केलेली सुती साडी, केसांत खोचलेला काळा चष्मा, खांद्याला ऑफिसची बॅग. मी घराबाहेर पडले की सासूबाई मोठ्याने म्हणायच्या, "चालली आमची फौजदारीन! लोकांच्या घरान नाक खुपसाला पगार देतान हिला." सासूबाई खाडीकाठच्या, त्यांचं कुजबुजणंसुद्धा पलीकडच्या काठाला ऐकू जायचं. मी त्यांना समजावून सांगायचे की याला मूल्यमापन म्हणतात. त्या म्हणायच्या, "मंग आपल्या घराचा कर ना आधी. तुझा पोर सकालपासून कुटं उंडारतंय, हाय का ठाऊक?" ठाऊक नसायचं. पण मी चष्मा सारखा करून रिक्षात बसायचे.

तर एकदा वडप्याला, हायवेच्या गोदामात, कापडाचे तागे घेऊन आलेल्या टेम्पोची ताडपत्री उघडली आणि आत सात-आठ वर्षांची पोरगी झोपलेली निघाली. गाढ. उठवली तर हमालांवरच चिडली. पोलिसांनी तिला समितीपुढे आणलं. तिने सगळं व्यवस्थित सांगितलं: कामतघर, नळाच्या बाजूची चाळ, बाबा पॉवरलूमवर, आई भाकऱ्या-पोळ्या करते. आता कुणाची आई करत नाही? मी काही पुढे विचारलं नाही. आई संध्याकाळी धावत आली, रडली, पाया पडली. पण पोर टेम्पोत गेलीच कशी, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, म्हणून समितीने मुलीला बालगृहात ठेवलं आणि चौकशी माझ्याकडे दिली. पुढच्या बैठकीत माझ्या अहवालावर ठरणार होतं, पोरगी आईकडे जाणार की तिथेच राहणार. आणि एकदा राहिली की महिन्यांवर महिने कसे जातात ते कळत नाही.

मी रीतसर निरोप पाठवला की अमुक दिवशी दुपारी येईन. आणि ठरल्या वेळेच्या बरंच आधी जाऊन पोचले. याला मी आकस्मिक भेट म्हणायचे आणि स्वतःवर फार खूश व्हायचे.

धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षाने येऊन चाळीत शिरले तर त्या घराच्या दारात एक टेबल अडकलेलं. दोन पाय आत, दोन बाहेर. बाहेरून लुंगीवाले गडी ढकलतायत, आतून पोरीची आई ओढतेय, आणि शेजारच्या दारात कमरेवर हात ठेवून चाळीची खाला, म्हणजे सगळ्यांची मावशी, हुकूम सोडतेय, "तिरछा करो, तिरछा! अरे, टेबल है, दुल्हन नहीं, जो इतना शरमा के ले जा रहे हो!" मला बघितल्यावर सगळे जागच्या जागी पुतळे झाले. टेबलसुद्धा.

"क्या चल रहा है?" मी विचारलं.

"साफसफाई, मॅडमजी."

"टेबल बाहेर काढताय की आत नेताय?"

खालाने क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं. "जैसा आप बोलो," ती म्हणाली.

आता यावर शहाण्या बाईने काय करावं? मी बॅग खाली ठेवली, पदर खोचला आणि ढकललं. एका दणक्यात टेबल आत! सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मग मी आत गेले, खुर्चीवर बसले, वही उघडली आणि पहिलं वाक्य लिहिलं: "मुलीला अभ्यासासाठी स्वतंत्र टेबल उपलब्ध आहे."

हसा. माझी नात तर हे ऐकून पलंगावरून खाली घसरली होती. आणि अजून पुढचं ऐका. हे टेबल कोपऱ्यावरच्या शिंप्याचं. पूर्वी कधी तरी याच चाळीत एका घरी मी टेबल बघून "वा, वा" म्हटलं होतं, आणि चाळीने ते ध्यानात ठेवलं होतं. माझी भेट ठरली की शिंप्याचं मशीन जमिनीवर यायचं आणि टेबल माझ्या आधी त्या घरी पोचायचं. मी दरवेळी तेच टेबल बघून दरवेळी तितकीच खूश व्हायचे. शिंपी बिचारा मांडी घालून शिवायचा. पाठीत उसण भरली तेव्हा, म्हणे, डॉक्टरला त्याने माझंच नाव सांगितलं.

त्या दिवशी घर नुसतं चकाचक. नवा पडदा, काचेचे कप, आईच्या अंगावर खालाची रेशमी साडी. आई अशी बसली होती की जणू फोटो काढणारा "हलू नका" सांगून विसरून गेलाय. मी घसा साफ केला.

"कुटुंबातील सदस्यांचे परस्परसंबंध कसे आहेत?"

आईने दाराकडे बघितलं. दारात खाला. खालाने मान हलवली.

"चांगले," आई म्हणाली.

"मुलीच्या भावनिक गरजांची पूर्तता कशी होते?"

पुन्हा दार, पुन्हा मान. "चांगली."

"मुलीचे वडील?"

"ड्युटीवर."

एवढ्यात पोटमाळ्यावरून असं काही घोरणं आलं की मांडणीवरचे कप किणकिणले.

"बिल्ली है," खाला तत्परतेने म्हणाली.

मी वर बघितलं. पोटमाळ्याच्या कडेवरून एक भलंमोठं पाऊल खाली लोंबत होतं. "मांजर अंगापिंडाने चांगली आहे," मी म्हणाले. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपणार नाही तर काय करणार, हे लपवायचं कशाला, असं विचारायचं सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मी लिहिलं: "वडील उपस्थित नाहीत."

मग दुपारच्या सुट्टीची वेळ झाली आणि दारात एक गडी आला. केसांत कापसाची रुई, अंगात बनियन. आला आणि सवयीने भिंतीला टेकून मांडी घालून बसला.

आई ताडकन उठली. "हे... हे मामा. मुलीचे मामा. माझे भाऊ."

गड्याने चमकून वर बघितलं. दारातून खालाने डोळे वटारले. "हाँ जी," तो म्हणाला, "मामा."

तेवढ्यात दुसरा आला. "हे पण मामा," आई म्हणाली. तिसऱ्या मामाने आल्या आल्या तेलुगूत काही तरी विचारलं. चौथे मामा नमाजाची टोपी खिशात घालत आले.

"हे सख्खे?" मी पेन रोखून विचारलं.

"चुलत," आई पुटपुटली.

मी भराभर लिहीत होते. मनात एकच विचार, या बाईची भाऊबीज किती दिवस चालत असेल! मामा येतच होते. रांगेत बसत होते, माझ्याकडे बघत होते, एकमेकांना कोपरं मारत होते. शेवटी पाचव्या मामाचा धीर सुटला.

"भौजी, हाफ टाइम खतम हो रहा है. मामा-भांजा बाद में खेलेंगे, पहले खाना दे दो!"

झालं. आईने एक सुस्कारा टाकला, रेशमी पदर कमरेला खोचला, पलंगाखालून भली थोरली परात ओढली, पडद्यामागून आमटीचं पातेलं काढलं आणि मला म्हणाली, "मॅडम, जरा सरका." ती भिस्सी चालवत होती, भिस्सी म्हणजे लूमवाल्यांची खाणावळ. घर सोडून आलेली माणसं अशा एखाद्या बाईच्या घरी दोन वेळा जेवतात. भिवंडीत वर्षानुवर्षं राहून, भिस्सीच्या दारांवरून रोज जाऊन, मला समोर रांगेत बसलेले मामा ओळखू आले नव्हते.

आता तव्यावर एक पोळी, समोर एवढी तोंडं, आणि आम्हा सगळ्यांचा टेबल आत ढकलण्यात गेलेला वेळ. आईने माझ्याकडे वर न बघता विचारलं, "पोळ्या लाटता येतात?"

आमच्याकडे तांदळाची भाकरी, थापायची. लाटणं माझ्या हातात फक्त शस्त्र म्हणून आलेलं. पण मी काय म्हणाले? "येतात की!"

पहिली पोळी ताटात पडली तशा रांगेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"ये किसने बनायी?"

"इसमें तो पूरा बिहार दिख रहा है."

"और ये कोना? ये तो नेपाल में चला गया!"

ती पोळी या ताटातून त्या ताटात फिरत गेली. कुणी घ्यायला तयार होईना. चौथ्या मामांनी ती अदबीने परत माझ्यापुढे ठेवली. "मॅडम, आप मेहमान हैं." शेवटी ती मीच खाल्ली, आणि मेहमान असल्यामुळे मला तक्रारही करता येईना.

पण गंमत अशी की मी पेन ठेवून लाटणं धरलं आणि बोलणं सुरू झालं. जे मला तासभर विचारून मिळालं नव्हतं ते पिठाबरोबर आपोआप येत होतं. "छोटी कब आयेगी?" प्रत्येकजण विचारत होता. तिला तापात दवाखान्यात कुणी नेलं, दुधी भोपळा ती कसा कुणाच्या तरी ताटात सरकवते, पहाटे पाण्याच्या नळावर ती आईबरोबर कशी उभी असते, बापाचा किती जीव आहे तिच्यावर. वरून घोरणंही थांबलं होतं. बाप जागा होऊन कठड्यावरून खाली बघत होता.

"मग हे लपवलंत कशाला?" मी विचारलं.

"ताई," आई म्हणाली. मॅडमची ताई कधी झाले ते कळलंच नाही. "सगळे म्हणाले, घरात एवढी पुरुषमाणसं बघितली तर पोरगी कध्धी परत देणार नाहीत."

सगळे बरोबरच म्हणाले होते. आणि तो प्रश्न काही खोटा नव्हता. मामांच्या विनोदांनी तो जाणार नव्हता. म्हणून मी तो सरळ विचारला, त्या दिवशीचा माझा पहिला धड प्रश्न. "ही सगळी जेवत असतात तेव्हा पोरगी कुठे असते?"

"खालाकडे," आई म्हणाली.

"मेरे पास?" खाला आत आली. "मैं तो समझती थी तेरे पास है!"

"मला वाटलं शाळेत," वरून बाप.

"शाळा सकाळची आहे तिची! दुपारी घरी असते!"

"हम समझे पिछवाड़े में खेलती है," पाचवा मामा हळूच म्हणाला.

आईचा हात तव्यावर तसाच राहिला आणि पोळी जळाली.

रिक्षाकडे निघाले तेव्हा माझ्या डोक्यात अहवाल तयार होता. परक्या पुरुषांची ये-जा, देखरेख नाही, सबब शिफारस नाही. यातला शब्दही खोटा नव्हता, आणि कुणी मला नावंही ठेवली नसती. पण ती बाई पिठाच्या हातांनी मागे धावत आली. "ताई, खरं सांगितलं म्हणून पोरगी जाईल का हो?"

माझ्याजवळ "हं"सुद्धा नव्हतं. मी म्हणाले, "माहीत नाही. उद्या परत येते." आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की टेम्पोत ती गेलीच कशी हे आईला विचारून झालं, बापाला, खालाला, टेम्पोवाल्याला विचारून झालं. जी गेली तिलाच कुणी विचारलं नव्हतं.

बालगृहात गेले. माझ्याकडे तेव्हा चित्रांचा एक नवा कागद होता: हसरा चेहरा, रडका, रागावलेला, घाबरलेला, जांभई देणारा. मुलांनी चेहरा दाखवायचा आणि आपण त्यांचं मन ओळखायचं. मी आवाज मऊ केला. "बाळा, दुपारी घरी तुला कसं वाटतं? दाखव बरं."

तिने जांभईवाल्यावर बोट ठेवलं.

"हा का गं? हा उदास आहे का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मामांनी माझ्या पोळीकडे बघितलं होतं. "ह्याला झोप आलीय," ती म्हणाली.

पहाटे पाण्याला उठायचं, मग सकाळची शाळा. दुपारी डोळे मिटायला लागतात. खाली जिथे बघावं तिथे जेवणारे गुडघे. वर बाबा. मागच्या गल्लीत टेम्पो उभा असतो, त्यात ताग्यांची गादी, मस्त थंड. ती रोजच झोपायची. त्या दिवशी टेम्पो निघाला, एवढंच. "तुम्ही कुणाला सांगू नका," ती म्हणाली, "नाही तर जागा जाईल."

दुसऱ्या दिवशी मी ते सगळ्यांना सांगितलं. नळाजवळ, चाळीत, सगळे जमलेले. यावर मी उपदेश करायला तोंड उघडणार, तेवढ्यात पाचव्या मामाने मला थांबवलं. "आप मत बोलो, आप रोटी पे ध्यान दो." आणि त्यांची जी काही सभा सुरू झाली!

"मेरे यहाँ सोयेगी," खाला म्हणाली. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. मी बालगृहात निरोप नेला. पोरगी म्हणाली, "नको. खालाची बकरी चादर खाते." हा निरोप घेऊन मी परत. खालाने बकरीला जी भाषा वापरली ती इथे लिहिता येत नाही. मग टेबलाखाली गादी घालायची सूचना आली. निरोप: "नको, गुडघे दिसतात." मी पोस्टमन झाले होते. चष्मा कुठे गेला ते आठवत नव्हतं, साडीची खळ कधीच मोडली होती. शेवटी पोरगीनेच सांगितलं, पोटमाळ्यावर, खिडकीजवळ.

"मग मी कुठं मरू?" बाप म्हणाला.

"शेजारच्या खोलीत," आई म्हणाली. "तिथले सगळे दिवसपाळीचे. दुपारी माळा रिकामाच असतो."

बाप जाऊन झोपून आला आणि तिथल्या उशांना खोबरेल तेलाचा वास येतो म्हणून कुरकुरला. चाळीने त्याला गप्प केलं. मग एकेक ठरत गेलं. गडी आत नाही, बाहेर पॅसेजमध्ये जेवतील. शिडी आईच्या चुलीसमोर असेल. शिडीवर आई आणि खाला सोडून कुणीही पाय ठेवायचा नाही, कुणी म्हणजे कुणीही नाही. आणि टेम्पोवाला निघण्याआधी ताडपत्री उचलून बघेल. त्याने शपथ घेतली, एकदा नाही, नको तितक्या वेळा.

समितीच्या बैठकीला आई आपल्या रोजच्या साडीत आली. अध्यक्षबाई कडक. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "घरात एवढी माणसं येतात?"

मी उत्तर द्यायला उठले होते. आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. "येतात, मॅडम. भिस्सी आहे माझी. आधी लपवत होते. आता सांगते कोण कुठं बसतं." आणि तिने सांगितलं. दारामागून खाला मान हलवत होती, पण आईने एकदाही तिकडे बघितलं नाही.

अध्यक्षबाईंनी पोरीला विचारलं, "काय गं, जायचंय का घरी?"

पोरगीने विचार केला. "बाबांची उशी नको," ती म्हणाली. "माझी वेगळी पाहिजे."

पोरगी घरी गेली, आणि मी वेळोवेळी जाऊन बघायचं असा हुकूम निघाला.

पहिल्यांदा गेले ती भर दुपारी, जेवणाच्या ऐन वेळी. चाळीत शिरले आणि थबकले. बाहेर लूमचा खडखडाट नेहमीसारखा, पण पॅसेजमध्ये ओळीने माणसं बसलेली आणि एकाच्याही तोंडून आवाज नाही. लूमवर कानाला काही ऐकू येत नाही म्हणून या लोकांची हातांची एक भाषा असते. ती त्यांनी इथे आणली होती. तळव्यावर तळवा म्हणजे पोळी. चिमूट म्हणजे मीठ. मूठ आपटल्यासारखी केली की कांदा फोडून द्या. पाचवे मामा दोन्ही हातांनी आमटीची चेष्टा करत होते आणि रांगेतले खांदे हसण्याने गदगदत होते. खाला, जिने जन्मात कधी आवाज खाली केला नव्हता, ती तोंडात पदर कोंबून लाल झाली होती. मी "काय कसं काय" म्हणायला तोंड उघडलं तर अख्ख्या रांगेने ओठांवर बोट ठेवलं.

मी चवड्यांवर चालत आत गेले. आईने शिडीकडे मान वळवून दाखवलं आणि दोन्ही हात गालाखाली ठेवले: झोपलीय. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या राहिलो.

वरून आवाज आला, "आई गं, सगळे गेले का?"

"नाही गं बाळा, आहेत. काय झालं?"

"मग कुणी बोलत का नाहीये? मला झोप येत नाही."

परत एकदा तिला न विचारताच सगळं ठरवलं होतं! आईने कपाळावर हात मारला. बाहेर खालाने तोंडातला पदर काढला, आणि पाचव्या मामाला आमटीवरून जे काही सुनावलं, त्यावर सगळी रांग एकदम बोलायला लागली, तेलुगूत, भोजपुरीत, हिंदीत, मराठीत, कुणी मीठ मागतंय, कुणी कांदा, कुणी बकरीला हाकलतंय. मी मध्येच हसत सुटले. वर खिडकीजवळ पोरगी कूस बदलून कधी झोपली ते कुणालाच कळलं नाही.